निवृत्तीची पुंजी कमी का पडते?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

साठी जवळ आली आणि हिशेब जुळत नाही असं दिसलं, की माणूस आधी स्वतःलाच बोल लावतो. आपल्याला शिस्त नव्हती, हात सैल होता, पैशातलं काही कळत नव्हतं. निवृत्तीच्या नियोजनाचे सल्लागार म्हणून आमचं मत वेगळं आहे. बहुतेकांची पुंजी कमी पडते, कारण बचत करायची की नाही हे त्यांना दर महिन्याला नव्याने ठरवावं लागतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न 420 वेळा समोर येतो, आणि प्रत्येक वेळी समोर काहीतरी निकडीचं असतंच. 420 वेळा मन घट्ट करणं कुणालाच जमत नाही. म्हणून हा निर्णय एकदाच घ्यावा आणि पुढे तो आपोआप पाळला जाईल अशी सोय करावी, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

"पुढच्या पगारवाढीपासून सुरू करतो"

पहिल्या भेटीत हे वाक्य हमखास येतं. नाहीतर "घराचं कर्ज एकदा फिटू दे", नाहीतर "मुलांची शिक्षणं उरकली की मग आमचंच आहे". बोलणारा अगदी मनापासून बोलत असतो. पण वाढीव पगार खात्यात पडतो तोवर तो कुठे जाणार हे ठरून गेलेलं असतं, आणि कर्ज फिटेपर्यंत पन्नाशी उलटते.

उशिराची किंमत किती, ते आकड्यांतच पाहावं. दर महिन्याला ठरावीक रक्कम गुंतवली आणि वर्षाला 8 टक्के परतावा मिळाला असं धरू. (हा दर केवळ हिशेबासाठी, त्याची हमी कुणी देऊ शकत नाही.) एकाने 25 व्या वर्षी सुरुवात केली, दुसऱ्याने 35 व्या. साठाव्या वर्षी पहिल्याकडे दुसऱ्याच्या सुमारे 2.4 पट पुंजी असते, जरी त्याने खिशातून फक्त 1.4 पट पैसे घातलेले असतात. वरचं सगळं चक्रवाढीचं. पहिल्याला गाठायचं तर 35 व्या वर्षी सुरू करणाऱ्याला दरमहा 2.4 पट हप्ता लागतो, आणि 45 व्या वर्षी सुरू करणाऱ्याला तब्बल 6.6 पट. आमच्याकडे सगळ्यात जास्त लोक पंचेचाळीस ते पन्नास या वयात येतात, तेव्हा हा आकडा सांगताना आम्हालाही जड जातं.

चक्रवाढ मनाला सहज उमगत नाही, हे मान्यच करावं. अ‍ॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या अर्थतज्ज्ञांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या लोकांना तीन सोपे प्रश्न विचारले होते. त्यातला एक असा: खात्यावर 1 टक्का व्याज मिळतं आणि महागाई 2 टक्के आहे, तर वर्षभरानंतर त्या पैशात आजच्यापेक्षा जास्त येईल, तेवढंच येईल की कमी येईल? (उत्तर: कमी.) तिन्ही प्रश्नांची बरोबर उत्तरं देणारे जेमतेम एकतृतीयांश निघाले. हे सगळे निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे लोक होते.

महागाईचाच धागा पुढे नेऊ. ती वर्षाला 6 टक्के धरली, तर आज ज्या खर्चाला 100 लागतात त्याला 20 वर्षांनी सुमारे 320 लागतील. "निवृत्त झाल्यावर खर्च निम्म्यावर येईल" असं पुष्कळजण धरून चालतात. काही खर्च खरंच कमी होतात, कामावर जाण्यायेण्याचा, कर्जाच्या हप्त्यांचा. औषधपाण्याचा मात्र वाढतो, आणि नेमका उतारवयात.

मधल्या वाटेवरची गळती

हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितो आहोत, कारण याबद्दल बोललंच जात नाही. सुरुवात न केल्यामुळे होणारं नुकसान सगळ्यांना ठाऊक असतं. सुरू केलेलं मोडल्यामुळे होणारं नुकसान दिसतच नाही.

नोकरी बदलताना जुन्या ठिकाणचा निवृत्तीसाठी साठलेला निधी नव्या खात्यात वर्ग करता येत असतो, तरी लोक तो काढून घेतात. रक्कम लहान असते. "एवढ्याशा पैशांचं काय घेऊन बसायचं," म्हणून ती गाडीच्या सुरुवातीच्या भरण्यात किंवा घरदुरुस्तीत जाते. पण 30 व्या वर्षी काढलेली रक्कम 8 टक्क्यांनी तशीच वाढू दिली असती, तर साठाव्या वर्षी तिची सुमारे दहापट झाली असती. दोनतीन नोकऱ्या बदलताना दोनतीनदा असं केलं, की पुंजीचा पायाच निघून जातो. नोकरी बदलण्याचं पत्र हातात पडलं की राजीनाम्याआधी आम्हाला एक फोन करा. वर्ग करण्याचा अर्ज भरायला आम्ही मदत करतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

दुसरी गळती मुलांच्या नावाने होते. आईवडिलांचं मन आम्ही समजू शकतो आणि त्यात ढवळाढवळ करायची नाही. फक्त एवढं ध्यानात घ्या, की शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणाच्या खर्चासाठी ते सहसा मिळत नाही. आज सगळी पुंजी मुलाच्या शिक्षणात घातली, तर वीस वर्षांनी ऐन संसाराच्या काळात तुमचा खर्च त्याच्यावर येतो.

तिसरी गळती शुल्काची. वर्षाला 1 टक्का ऐकायला नगण्य वाटतो. पण 35 वर्षं दरमहा गुंतवणूक करताना 8 ऐवजी 7 टक्के हाती आले, तर अखेरची पुंजी एकपंचमांशाहून अधिक घटते. आमच्या शुल्कालाही हाच नियम लागू आहे, म्हणून ते टक्क्यांत आणि रकमेत, दोन्ही प्रकारे लेखी मागून घ्या.

आपोआप चालणारी सोय

ब्रिजिट माड्रियन आणि डेनिस शी या संशोधकांनी 2001 मध्ये एका अमेरिकन कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे निवृत्ती योजनेत यायचं तर अर्ज भरावा लागे. कंपनीने उलट केलं: नवा कर्मचारी आपोआप सहभागी, नको असेल त्याने तसं कळवायचं. सहभाग थेट 86 टक्क्यांवर गेला. पण यातून एक सावधगिरीही घ्यावी. कंपनीने सुरुवातीला पगाराच्या 3 टक्के कपात ठरवली होती आणि पुष्कळजण तिथेच थांबून राहिले. एवढ्याने काही निवृत्तीची पुंजी होत नाही.

त्यावरचा उपाय रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी काढला. बचत आज वाढवायची नाही. पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही हिस्सा बचतीकडे वळवायचं वचन आज द्यायचं. हातात येणारा पगार कधीच कमी होत नाही, म्हणून टोचत नाही. 1998 मध्ये पहिल्यांदा ज्या कंपनीत हे राबवलं, तिथे सहभागींची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. म्हणजे "पुढच्या पगारवाढीपासून" हे वाक्य चुकीचं नाहीच, ते त्याच दिवशी कागदावर सही करून म्हणायला हवं.

आम्ही हेच करतो. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वर्ग होण्याची सूचना बँकेला देतो आणि दर वाढीतला निम्मा हिस्सा त्यात घालण्याच्या कागदावर तुमची सही घेतो. तारीख पगाराला चिकटून हवी. महिनाअखेरची तारीख ठेवली की खात्यात शिल्लक नसते, हप्ता परत जातो आणि दोनदा तसं झालं की माणूस तो बंदच करून टाकतो.

हे सगळ्यांना आज शक्य नसतं, हेही आम्ही जाणतो. ज्याच्या कमाईतून घरखर्च जेमतेम भागतो, त्याला बचतीचा उपदेश करणं अन्यायाचं आहे. जबर व्याजाचं कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते फेडा. तीन ते सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढे पैसे सहज काढता येतील असे ठेवा, म्हणजे आजारपणात निवृत्तीच्या पैशाला हात लागणार नाही. ज्यांची कमाई महिन्यागणिक बदलते त्यांनी रकमेऐवजी टक्केवारी ठरवावी. घरच्या जबाबदारीसाठी काही वर्षं नोकरी सोडलेल्या स्त्रियांचा हिशेब आम्ही वेगळा मांडतो: कमाईची वर्षं कमी आणि सरासरी आयुर्मान जास्त, त्यामुळे त्यांना अधिक पुंजी लागते. पतीच्या हिशेबातच पत्नीचा धरू नका.

किती लागेल?

ढोबळ अंदाज हवा असेल, तर निवृत्तीच्या वेळच्या वार्षिक खर्चाची 25 पट. अमेरिकी बाजाराच्या इतिहासावरून आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी 1994 मध्ये मांडलेल्या 4 टक्क्यांच्या नियमातून हा आकडा येतो: पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के काढायचे आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत जायची. तो तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी आहे आणि त्यात आजचा खर्च धरायचा नाही, महागाईने वाढलेला धरायचा. लवकर निवृत्त होणाऱ्याला तो पुरणार नाही.

पहिल्या भेटीला येताना गेल्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, चालू कर्जांचे कागद आणि आजवरच्या सगळ्या नोकऱ्यांतल्या निधी खात्यांचे क्रमांक आणा. जुना क्रमांक सापडत नसेल तर निदान नोकरीचं ठिकाण आणि वर्षं लिहून आणा. जोडीदारालाही सोबत घेऊन या.