उड्या मारणारे कोळी

जाळे न विणता नजर आणि उडी यांच्या बळावर शिकार करणारे छोटे कोळी. साल्टिसिडी हे त्यांचे कुल कोळ्यांमध्ये सर्वांत मोठे असून त्यात ६,००० हून अधिक जाती आहेत. गच्चीचा कठडा, तुळशीवृंदावन, जास्वंदीची पाने, खिडकीची चौकट येथे ते हमखास भेटतात. घरांच्या भिंतींवर वावरणारा प्लेक्सिपस पायकुली सुमारे एक सेंटिमीटर लांब असतो. नरावर काळेपांढरे पट्टे असतात, मादी तपकिरी असते. छताच्या कोपऱ्यातली जळमटे यांची नसतात, तरी झाडूचा फटका यांनाही बसतो.

यांना आठ डोळे असतात. समोरचे दोन मोठे डोळे आतून दुर्बिणीच्या नळीसारखे लांब असतात. त्यांची भिंगे हलत नाहीत. नळीच्या तळाशी असलेला दृष्टिपटल स्नायूंनी इकडेतिकडे सरकतो. बाकीचे सहा डोळे आजूबाजूची हालचाल टिपतात. त्यामुळे बोट जवळ नेले, की हा कोळी अनेकदा पळण्याऐवजी गर्रकन वळून त्याच्याकडे पाहतो. एवढ्याशा जिवाने असे रोखून पाहावे, हे एकदा अनुभवले की भीती उरत नाही. तो सहसा चावत नाही आणि त्याचे विष माणसाला घातक नसते.

कठड्यावर माशी बसली, की तो मांजरासारखा दबकत, थांबत पुढे सरकतो. झेपेआधी पोटाचे टोक टेकवून धागा चिकटवतो. मागच्या पायांत रक्तद्रवाचा दाब एकाएकी वाढतो, पाय ताठ होतात आणि तो शरीराच्या लांबीच्या कितीतरी पट अंतर कापतो. नेम चुकला तर धाग्याला लोंबकळतो आणि त्याच धाग्याने वर येतो.

काही जातींनी वेशांतर साधले आहे. पाने जोडून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांच्या आसपास राहणारा एक कोळी हुबेहूब मुंगीसारखा दिसतो, पुढचे पाय मिशांसारखे हलवतो. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका जातीला २०२१ मध्ये आयसियस तुकारामी हे नाव मिळाले. २००८ च्या मुंबई हल्ल्यात कसाबला पकडताना हुतात्मा झालेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते दिले आहे. इतके समर्पक नाव क्वचितच एखाद्या कोळ्याच्या वाट्याला आले असेल.

बहुतेक जातींचे आयुष्य साधारण वर्षभराचे. पिल्ले दिसायला मोठ्यांसारखीच, फक्त इवलीशी असतात आणि अनेकदा कात टाकत वाढतात. प्रौढ नर पुढचे पाय उंचावून, डावीकडे-उजवीकडे सरकत मादीपुढे नाचतो. तिला तो पसंत नसेल, तर त्याचाच घास होण्याची भीती असते. नर सहसा आधी मरतो. प्रौढ झाल्यावर कात टाकणे थांबते, त्यामुळे तळपायांचे पकड देणारे केस झिजले, तर ते नव्याने येत नाहीत.

रात्री, कात टाकताना आणि अंडी घातल्यावर हे कोळी रेशमाच्या पातळ पिशवीत राहतात. खिडकीच्या सांध्यात अशी पांढरी पिशवी दिसली, तर आत अंड्यांची राखण करणारी मादी असू शकते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत तो सांधा झाडू नये.