मधल्या स्टिअरिंगची बोट: कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

मालवण-गोव्याकडचे गळाच्या मासेमारीचे व्हिडिओ मोबाइलवर बघून बरेच जण आमच्या कुपवाडच्या बोटी बांधायच्या शेडमध्ये येतात आणि म्हणतात, "तसलीच द्या, मधे स्टिअरिंगवाली." द्यायला आमची ना नाही. पण ही बोट एका ठरावीक कामासाठी असते. ते काम तुमचं नसेल तर पैसे पाण्यात. म्हणून ऑर्डर देण्याआधी हे वाचा.

या बोटीला सेंटर कन्सोल म्हणतात. साधारण मध्यावर कमरेएवढा स्टँड, त्यावर स्टिअरिंग, थ्रॉटल आणि मीटर, पोटात बॅटरी-वायरिंग. मागे ओबीएम, म्हणजे बोटीच्या बाहेर मागे टांगलेलं इंजिन. केबिन नाही, गाद्यांची बाकं नाहीत. स्टँडच्या दोन्ही अंगांनी नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, इंजिनापर्यंत मोकळी वाट. या बोटीची सगळी किंमत त्या वाटेची आहे.

गळाला मोठा कटला लागला की तो एका जागी थांबत नाही. बोटीखालून पलीकडे निघतो, नाळेला वळसा घालतो. रॉड धरलेल्या माणसाला त्याच्या मागोमाग काठाकाठानं चालावं लागतं. केबिनच्या बोटीत चार पावलांवर भिंत आडवी येते आणि तंगूस (गळाची दोरी) बुडाला घासून तुटतो. इथे पूर्ण फेरी मारता येते, आणि तिघं तीन बाजूंना गळ टाकून उभे राहिले तरी एकमेकांत गुंतत नाहीत.

चालवणाऱ्यालाही ही बोट सोयीची. हातानं दांडा धरून चालवायच्या बोटीत माणूस पार मागे बसतो. वजन मागे गेल्यानं नाळ वर उचलते आणि समोरचं दिसत नाही. उन्हाळ्यात धरण उतरलं की खडक आणि जुनी खोडं पाण्याच्या जेमतेम खाली असतात, तेव्हा मधे उभं राहून बघणं कामाला येतं. शिवाय लाटांचे दणके नाळेवर जास्त बसतात, मध्यावर कमी.

तरीही १४ फुटांच्या आतल्या बोटीला आम्ही हा स्टँड सुचवत नाही. तो निम्मी जागा खातो. तिथे दांड्याचं छोटं इंजिन बरं: हलकं, स्वस्त, तुटायला स्टिअरिंगची केबल नाही. मधलाच मार्ग हवा असेल तर स्टँड एका कडेला घेता येतो. फेरी मारायची वाट जाते, पण फरशी मोकळी राहते.

बामणोली किंवा तापोळ्याला पर्यटक फिरवायचे असतील तर सेंटर कन्सोल घेऊच नका. बसायला जागा नाही, सावली नाही, आजीबाईंना धरायला कठडा नाही. बाकांची, छपराची लाँच घ्या. रिसॉर्टवाल्यांनी पाँटूनचा, म्हणजे पोकळ नळकांड्यांवर तरंगणाऱ्या तराफ्याचा, विचार करावा, सपाट आणि स्थिर असतो. फक्त वारा सुटला की आडवा ढकलला जातो. घरच्यांना रविवारी कण्हेर धरणाच्या पाण्यावर न्यायचं असेल तर पुढे बसायची जागा आणि समोर काच असलेली बोट बरी पडते. झोपायच्या केबिनचं आपल्या धरणांवर काय काम, हे आम्हालाही कळलेलं नाही.

बुडाचा प्रश्न वेगळा. सपाट बूड थोड्या पाण्यात चालतं, थेट काठाला लागतं, पण लाटेवर आपटतं. खोल व्ही बूड लाट कापतं. त्याला जास्त ताकदीचं इंजिन लागतं आणि थांबलेल्या जागी ते डुलतं. समुद्रासाठीच्या बोटीत या व्हीचा उतार २० अंशांच्या पुढे असतो. कोयनेचा शिवसागर ५० किलोमीटरच्या आसपास लांब आहे, तिथे वारा सुटला की लाटा उठतात; तरी १२ ते १५ अंश पुरतात.

पावसाचं मात्र नीट ऐका. या बोटींचं डेक, म्हणजे उभं राहायची फरशी, पाण्याच्या पातळीच्या वर असतं आणि पावसाचं पाणी मागच्या भोकांतून आपोआप बाहेर जातं. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात रात्रभर बांधलेली साधी होडी सकाळी बुडालेली सापडू शकते, ही तरंगत राहते. पण माणसं जास्त भरली की डेक खाली दबतं आणि त्याच भोकांतून पाणी उलटं आत येतं. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला भरलेली बोट उलटली, ते सांगलीकरांना सांगायला नको. क्षमतेचा आकडा आम्ही काठावर ठळक रंगवून देतो. तो खोडून मागू नका.

डेकखाली आम्ही फोम भरतो, म्हणजे पाणी शिरलं तरी बोट तरंगत राहते. १९६१ साली अमेरिकेत बोस्टन व्हेलर या बोट कंपनीच्या डिक फिशर यांनी पाण्यावरच बोट करवतीनं मधोमध कापून घेतली आणि मागच्या अर्ध्या भागात बसून ते निघून गेले. ते फोटो लाइफ मासिकात आले होते. आम्ही तेवढं करून दाखवणार नाही, पण तुमच्या बोटीत फोम भरताना येऊन बघा.

सावलीला घडीचं कापडी छत घ्या. पक्कं छत वारा धरतं, वजन वर नेतं आणि रॉड फिरवताना आडवं येतं.

बोटीची नोंदणी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार करावी लागते. मासेमारीची परवानगी त्या त्या धरणाची वेगळी. आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा. कोयनेच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला वनखात्याला विचारल्याशिवाय बोट लावू नका. लाइफ जॅकेट माणशी एक, मुलांची मुलांच्या मापाची.

भेटायला येताना तीन गोष्टी ठरवून या: बोट कुठल्या पाण्यावर चालणार, एका वेळी किती माणसं, आणि ती ट्रॉलीवरून ने-आण करणार की तिथेच बांधून ठेवणार. इंजिनाचं बोलणं त्यानंतर करू.