ट्रेलर हिच आणि भारवाटप

ओढणाऱ्या वाहनाला ट्रेलर जोडण्याच्या साधनाला हिच म्हणतात. हिच किती वजन पेलू शकते हे तिच्यावर लिहिलेले असते. ते वजन वाहनाच्या कोणत्या चाकांवर उतरेल, हे मात्र जोडबिंदू मागच्या ॲक्सलच्या पुढे आहे की मागे आणि किती अंतरावर, यावर ठरते.

नेहमीच्या बॉल हिचमध्ये (हिच्यात ट्रेलर एका धातूच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसवतात) हा बिंदू मागच्या बंपरपाशी असतो. त्यामुळे वाहनाची चेसिस तरफेसारखी वागते आणि मागचा ॲक्सल तिचा टेकू होतो. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर) ४ मीटर, बॉल ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आणि त्यावर ५०० किलोचा दाब, असे धरू. पुढच्या ॲक्सलवरून १५० किलो उचलले जातात आणि मागच्यावर ६५० वाढतात. दाब पाचशेचा, वाढ साडेसहाशेची! वरचे दीडशे पुढूनच मागे आलेले असतात. स्टिअरिंग हलके पडते, पुढच्या ब्रेकची पकड घटते, हेडलाइटचा झोत वर जातो. हिचला लांबी वाढवणारा तुकडा जोडला की हे सारे आणखी बिघडते.

यावर दाबच कमी करणे हा उपाय नव्हे. बॉल हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार असावा लागतो. फार कमी असल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो. भारवाटप करणाऱ्या हिचमध्ये स्प्रिंगचे दांडे ताणून उलटे परिबल (फिरवणारा जोर) दिले जाते, त्यामुळे मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या ॲक्सलवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. वाहनाची ओढण्याची मर्यादा याने वाढते, हा गैरसमज बराच पसरलेला आहे; ती वाढत नाही.

फिफ्थ व्हील म्हणजे ओढणाऱ्या वाहनावर बसवलेली, ट्रेलरचा पुढचा भाग पेलणारी जोडणी. तिचा जोडबिंदू मागच्या ॲक्सलवर किंवा किंचित पुढे असतो. तो ०.४ मीटर पुढे असल्यास वरच्याच उदाहरणात मागे ४५० आणि पुढे ५० किलो वाढतात. म्हणून ट्रेलरच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के भारही ती सहज घेते.

गाडीची चाके उचलून नेणाऱ्या टो ट्रकची स्थिती फिफ्थ व्हीलच्या नेमकी उलट असते. उचलणारा हात ॲक्सलपासून बराच मागे लांबतो. तो २ मीटर मागे असेल, तर १००० किलो उचलताना त्याच व्हीलबेसच्या ट्रकच्या पुढच्या ॲक्सलवरून ५०० किलो कमी होतात. अशा वेळी हात शक्य तितका आत घेतात. अवजड टो ट्रकचा व्हीलबेसही मुद्दाम लांब ठेवतात. उचललेल्या स्थितीत पुढच्या ॲक्सलवर रिकाम्या ट्रकच्या निम्मा तरी भार उरावा, असा टोइंगच्या धंद्यातला ठोकताळा आहे.