ओळख वेगळी, राहता पत्ता वेगळा: अमेरिकेत दुकानातून बंदूक घेताना होणारा घोळ

टेक्ससमधल्या एका बंदुकांच्या दुकानात मी शनिवार-रविवार काउंटर सांभाळतो. गेल्या महिन्यात एक मराठी मुलगा आला. मूळचा साताऱ्याचा, ग्रीन कार्ड मिळून दोन वर्षं झालेली, पिस्तूल पसंत करून ठेवलेलं. त्याने काचेवर एकेक कागद मांडला: टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्स, ग्रीन कार्ड, भारतीय पासपोर्ट आणि वर लाइट बिल. म्हणाला, "दादा, एक सोडून तीन आयडी आणलेत, अ‍ॅड्रेस प्रूफही आहे. आता काही अडचण नाही ना?"

अडचण होती. लायसन्सवर प्लेनोच्या जुन्या अपार्टमेंटचा पत्ता होता आणि तो आता फ्रिस्कोला राहत होता. चार कागदांपैकी तिघांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली, की हा माणूस तोच आहे. तो आज कुठे राहतो, हे कायद्याला चालेल अशा रीतीने एकानेही सांगितलं नाही. मला त्याला परत पाठवावं लागलं. पन्नास मैल गाडी चालवून आलेल्या माणसाला "आज नाही" सांगताना बरं वाटत नाही, आणि हे जवळपास दर आठवड्याला घडतं. आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कोणताही सरकारी फोटो आयडी पुरतो" हे वाक्य फिरत असतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी माणसं हेलपाटे घालतात.

बाकीची पद्धत बहुतेकांना माहीत असते, म्हणून भराभर सांगतो. परवानाधारक दुकानदार, ज्याला सगळे एफएफएल म्हणतात, तुमच्याकडून एटीएफचा, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघीय खात्याचा, 4473 क्रमांकाचा फॉर्म भरून घेतो, ओळखपत्र तपासतो, मग एफबीआयच्या निक्स यंत्रणेकडून किंवा काही राज्यांत राज्याच्या यंत्रणेकडून बॅकग्राउंड चेक होतो. बंदूक ऑनलाइन मागवली तरी ती दुकानदाराकडेच येते आणि हे सगळं तिथेच होतं. क्रेडिट कार्डाचा बिलिंग पत्ता कोणता, याचा इथे काडीचाही संबंध नाही.

आता मुद्द्याचं. दुकानदाराने बघायच्या ओळखपत्रावर संघीय नियमांप्रमाणे चार गोष्टी लागतात: नाव, राहता पत्ता, जन्मतारीख आणि फोटो. कागद सरकारने दिलेला हवा आणि मुदतीत हवा. ड्रायव्हिंग लायसन्सवर या चारही गोष्टी एकत्र छापलेल्या असतात, आणि घोळाचं मूळ तिथेच आहे. रोज एकच कार्ड दाखवून काम होत असल्यामुळे आपण दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतोय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. तुम्ही कोण, हा पहिला प्रश्न. सध्या राहता कुठे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घर बदललं म्हणून बदलत नाही. दुसऱ्याचं बदलतं, पण कार्डावरची छपाई तशीच राहते.

यावर लोक म्हणतात, "पण लायसन्स तर 2030 पर्यंत व्हॅलिड आहे!" आहेच. गाडी चालवायला आहे, ओळख पटवायलाही आहे. पण जुन्या पत्त्याचं लायसन्स हे बंदुकीच्या दुकानात तीन चतुर्थांश ओळखपत्र असतं. चौथा भाग दुसऱ्या कागदाने भरून काढावा लागतो. दुसरा युक्तिवाद असतो, "मी डीएमव्हीला (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याला) ऑनलाइन पत्ता कळवलाय." कळवलात ते योग्यच, तो कायदाच आहे. पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पत्ता कळवला म्हणून नवं कार्ड आपोआप घरी येत नाही, ते वेगळे पैसे भरून मागवावं लागतं. दुकानदाराला त्यांच्या संगणकात काय आहे ते दिसत नाही. तुम्ही पुढे केलेल्या कागदावर जे छापलंय तेवढंच त्याला दिसतं.

मग चौथा भाग कशाने भरायचा? एटीएफच्या 2001-5 क्रमांकाच्या निर्णयाने हे स्पष्ट केलंय की सरकारी कागदांची जोडी चालते. फोटो आणि जन्मतारीख असलेलं ओळखपत्र एकीकडे, आणि नाव व सध्याचा राहता पत्ता असलेला दुसरा सरकारी कागद दुसरीकडे. गाडीचं रजिस्ट्रेशन, शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना, मतदार कार्ड, कराचं बिल, यांतला कोणताही एक. ग्रीन कार्डवाल्यांना मतदानाचा हक्क नाही, तेव्हा मतदार कार्डाचा विचारही त्यांनी करू नये. त्यांच्यासाठी गाडीचं रजिस्ट्रेशन सगळ्यात सोपं. सरकारी वेबसाइटवरून घेतलेला, नाव-पत्ता असलेला कागदही चालतो. 4473 फॉर्मच्या सूचनांतच तसं लिहिलेलं आहे, तरी काही दुकानदार नाही म्हणतात. दुकानदाराला कायद्यापेक्षा जास्त मागण्याची मुभा आहे, म्हणून आधी फोन करून विचारावं.

आता लाइट बिल. इथे आपली माणसं हमखास अडकतात आणि का अडकतात ते मला नीट कळतं. महाराष्ट्रात लाइट बिल म्हणजे पत्त्याच्या पुराव्यांचा राजा. पासपोर्टला लाइट बिल, गॅस कनेक्शनला लाइट बिल, बँकेत लाइट बिल. आणि महावितरण ही मुळात सरकारी कंपनी. पण या सगळ्या व्यवहारांत प्रश्न "पत्ता कुठे दिसतो" एवढाच असतो. 4473 च्या बाबतीत प्रश्न "पत्ता कुणी छापला" हा आहे. इथली वीज कंपनी बहुधा खासगी असते. तिचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, मोबाइलचं बिल, घरभाड्याचा करार, यांतलं काहीही संघीय नियमाला पुरत नाही. एकाने करारावर नोटरीचा शिक्का मारून आणला होता. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या लीव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्या माणसाला तो कागद भक्कम वाटणं स्वाभाविक आहे. पण नोटरी तुमच्या सहीची साक्ष देतो. त्याच्या शिक्क्याने करार सरकारी होत नाही.

गोंधळात भर पडते ती कॅलिफोर्नियामुळे. त्या राज्यात हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, घेताना राज्याच्या कायद्याप्रमाणे रहिवासाचा वेगळा पुरावा द्यावा लागतो, आणि तिथे गेल्या तीन महिन्यांतलं लाइट बिल किंवा घराचा करार चालतो. बे एरियातला मित्र म्हणतो, "मी लाइट बिल दाखवलं, झालं काम." तो खोटं बोलत नाही. पण ते बिल राज्याची अट पुरी करत होतं. संघीय अट त्याच्या नव्या पत्त्याच्या लायसन्सने आधीच पुरी केलेली होती. लायसन्सवर जुना पत्ता असता तर त्याच बिलाने संघीय भोक बुजलं नसतं. हा एक फरक ग्रुपवर कुणी सांगत नाही, आणि तोच सांगायला हवा.

पासपोर्टची गोष्ट थोडक्यात. ओळख म्हणून पक्का, पत्ता म्हणून रिकामा. अमेरिकन पासपोर्टात पत्त्याची जागा असते, पण ती तुम्ही स्वतः भरायची असते, म्हणजे तो सरकारने दिलेला पत्ता ठरत नाही. त्या मुलाच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता छापलेला होता, पण तो साताऱ्याचा. ग्रीन कार्डावर तर पत्ताच नसतो. त्यामुळे पासपोर्टला ग्रीन कार्डाची जोड देऊन काही साधत नाही. आणि लायसन्सवरच्या रिअल आयडीच्या ताऱ्याबद्दल जी चर्चा चालते ती विमानप्रवासाची आहे. तारा असलेल्या कार्डावरही जुना पत्ता जुनाच राहतो.

टपालाचा पत्ता आणि राहता पत्ता हीसुद्धा एक नसलेली जोडी. फॉर्मच्या 10 व्या प्रश्नात स्पष्ट लिहिलंय की पोस्ट ऑफिस बॉक्स चालणार नाही. काही राज्यं लायसन्सवर पोस्ट बॉक्स छापून देतात. अशा माणसाला दुसरा कागद आणावाच लागतो. घर विकून आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, राहणारे अनेक लोक साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडातल्या टपाल पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा पत्ता लायसन्सवर घेतात. लायसन्स खरं, पत्ताही अस्तित्वात, पण त्या जागी कुणी झोपत नाही. तो राहता पत्ता म्हणून लिहिणं म्हणजे फॉर्मवर खोटं लिहिणं, आणि तो संघीय गुन्हा आहे. खेड्यातल्या रूरल रूट पत्त्यांना, म्हणजे टपालाच्या मार्गावरून लिहिल्या जाणाऱ्या पत्त्यांना, मात्र सवलत आहे. जिथे तो कायदेशीर राहता पत्ता मानला जातो तिथे तो चालतो.

एवढा कीस का, असं लोक वैतागून विचारतात. 1968 च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये कारण आहे. दुकानदार हँडगन फक्त आपल्याच राज्याच्या रहिवाशाला देऊ शकतो. रायफल किंवा शॉटगन दुसऱ्या राज्याच्या रहिवाशाला देता येते, पण समोरासमोर आणि दोन्ही राज्यांचे कायदे पाळून. म्हणजे तुमच्या पत्त्यावरून तुमचं राज्य ठरतं आणि राज्यावरून तुम्हाला कोणती बंदूक मिळेल ते ठरतं. दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. देशात सगळ्या बंदुकांची एकत्र संघीय नोंदवही नाही. तशी करायला 1986 च्या कायद्याने बंदी आहे. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढताना वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या एटीएफ केंद्रातून आधी कारखान्याकडे, मग घाऊक विक्रेत्याकडे, मग दुकानदाराकडे विचारणा होते आणि शेवटी कुणीतरी माझ्यासारखा माणूस जुन्या फायलीतून तो 4473 काढतो. ती साखळी पहिल्या खरेदीदाराच्या पत्त्यावर येऊन थांबते. तिथे दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या अपार्टमेंटचा क्रमांक असेल तर तपास करणाऱ्याच्या हाती काय लागणार?

बॅकग्राउंड चेकमध्ये पत्ता तपासला जातो हाही एक गैरसमज. निक्स तुमच्या नावावर खरेदीला मनाई करणारी नोंद आहे का ते बघतं. पत्ता ताजा आहे की शिळा, हे बघण्याची जबाबदारी काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या माणसांची.

रहिवासी कोण, याचीही व्याख्या आहे: एखाद्या राज्यात घर करून राहण्याच्या हेतूने जो तिथे हजर आहे तो. शिकारीला किंवा कामासाठी चार दिवस गेलात म्हणून तिथले होत नाही. नुसती मालमत्ता असूनही होत नाही. गावाकडे सातबारा नावावर आहे म्हणून कुणी रोज तिथे राहतो असं आपण म्हणत नाही, तसंच. मात्र दोन राज्यांत खरोखर दोन घरं असतील आणि उन्हाळाभर एकात, बाकी वर्ष दुसऱ्यात राहत असाल, तर जिथे राहत असाल तिथले तुम्ही त्या काळात रहिवासी. होस्टेलवर राहणाऱ्या परराज्यातल्या विद्यार्थ्यालाही शिक्षण चालू असताना हाच न्याय. सैन्यातल्यांचं राज्य नेमणुकीच्या ठिकाणावरून ठरतं, म्हणून ते ओळखपत्रासोबत कायम बदलीचा आदेश दाखवतात.

एच-वन-बीवर असलेल्यांनी या सगळ्याच्या आधी एक लक्षात घ्यावं. ओळख आणि पत्ता अगदी चोख असला तरी नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावाल्याला बंदूक घ्यायला मुळातच मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. वर पत्त्यासाठी सांगितलेला शिकार परवानाही तोच कागद, पण तिथे तो पत्ता दाखवतो आणि इथे मनाई उठवतो. ही दोन कामं कृपया एकमेकांत मिसळू नका.

तो सातारचा मुलगा पुढच्या शनिवारी परत आला. लायसन्स तेच, प्लेनोच्या पत्त्याचं. सोबत काउंटीने दिलेली गाडीच्या रजिस्ट्रेशनची पावती, तिच्यावर फ्रिस्कोचा पत्ता, अपार्टमेंट क्रमांकासकट. त्याने 10 व्या प्रश्नात फ्रिस्को लिहिलं. मी फॉर्मच्या 26-ए रकान्यामध्ये लायसन्सचा क्रमांक आणि मुदत उतरवली, 26-बी मध्ये "गाडीचं रजिस्ट्रेशन" असं इंग्रजीत लिहिलं, आणि पावतीवरचा अपार्टमेंट क्रमांक फॉर्मवरच्या क्रमांकाशी बोट ठेवून ताडून पाहिला. मग फोन उचलून निक्सला लावला.