दारू बदलली, पुंगळी तीच राहिली

जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांचा एक वाद कधी संपत नाही: बंदुकीची दारू कोणती घ्यायची? डब्यांवरची लेबलं वाचून तो मिटणारही नाही, कारण त्याचं मूळ १८७०च्या दशकात ठरून गेलेल्या पितळी पुंगळीच्या, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणाऱ्या काडतुसाच्या नळकांड्याच्या, मापात आहे.

तेव्हा दारू एकच होती, काळी. शोरा, कोळसा, गंधक हे त्रिकूट शिवकाळातल्या दारूखान्यातही होतं आणि कोल्ट या अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातही. निवड करायची ती फक्त दाण्याची: तोफेला जाड, पिस्तुलाला बारीक. १८३६च्या पेटंटनंतरच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्रीच्या प्रत्येक घरात दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागे ठिणगी देणारी टोपी बसवायची. १८७३मध्ये .४५ कोल्टचं (आकडा गोळीच्या इंचातल्या जाडीचा) पितळी काडतूस आलं. त्यात ४० ग्रेन, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम दारू. पुंगळी गच्च भरायची आणि तशीच भरायला हवी होती. काळी दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी ठेवायची नाही, हा नियम आजही पाळतात.

काळ्या दारूचा त्रास वेगळा. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राख होऊन मागे उरतो. थोडे बार झाले की चक्री अडखळू लागते. राख हवेतलं पाणी शोषते, त्यामुळे पुण्याच्या पावसाळ्यात नळी तशीच ठेवली तर गंज चढायला वेळ लागत नाही. इथे नुसतं तेल कामाचं नाही, आधी गरम पाण्यानेच धुवावं लागतं.

१८८४मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू तयार केली. १८८९मध्ये एबल आणि ड्युअर यांनी कॉर्डाइट ही तशीच इंग्रजी दारू आणली, शेवयांसारखी दिसणारी. नवी दारू कितीतरी जोरकस, तेव्हा थोडकीच पुरायची. आता पुंगळीतल्या रिकाम्या जागेचं काय करायचं? इंग्रजांनी सरळ उत्तर काढलं: आपल्या .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरची पुंगळीच १८९७मध्ये आखूड केली. (गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली तेही हेच साल.) अमेरिकनांनी मापं तशीच ठेवली. .४५ कोल्ट आजही जुन्याच लांबीची आहे.

माझ्या मते सगळी भानगड या रिकाम्या जागेची आहे. जोरकस दारूची चिमूट लांब पुंगळीत तळाशी पडून राहते. नळी खाली झुकवली की ती गोळीकडे सरकते, वर केली की टोपीकडे; त्याप्रमाणे गोळीचा वेग बदलतो. हे एक वेळ चालेल. पण काळी दारू चुकून दोनदा ओतली तर ती बाहेर सांडते, चूक डोळ्यांना दिसते. बिनधुराची दुप्पट दारू मात्र निमूट आत मावते. शिवाय दाब वाढला की तिचा जळण्याचा वेगही झपाट्याने वाढतो आणि चक्री फुटते. जुन्या चक्रीचं लोखंड तसंही मऊ. खुद्द कोल्टने आपल्या १८७३च्या रिव्हॉल्व्हरला बिनधुराच्या दारूची हमी दिली ती १९००मध्ये.

म्हणून त्याआधीच्या हत्याराला काळी दारूच, किंवा १९७०च्या दशकात काळ्या दारूला पर्याय म्हणून आलेली पायरोडेक्स, जी वजनाने नव्हे, आकारमानाने मोजतात. नव्या पोलादाच्या, पण जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरसाठी लोक ट्रेल बॉससारखी फुगीर दारू पसंत करायचे. तिच्या पाकळ्यांना मधोमध भोक असतं आणि ती पुंगळी बऱ्यापैकी भरते. १८९८ची बुल्सआय ही बिनधुराची दारू अजून बाजारात आहे. उत्तम दारू, पण मोठ्या पुंगळीत निष्काळजी हाताला न झेपणारी.

पुण्याला हा इतिहास परका नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, म्हणजे काळ्या दारूच्याच जमान्यातला. इथल्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं असतात; .३०३ रायफलची आणि .३८० रिव्हॉल्व्हरची अशी पुंगळी संग्राहक जगभर ओळखतात. कॉर्डाइटचा कारखाना मात्र निलगिरीत, अरुवनकाडूला निघाला. परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे घरबसल्या भरण्याचा छंद इथे अमेरिकेसारखा फोफावला नाही.

तरी जुनं माप पुरतं गेलेलं नाही. सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध टोपी असलेल्या) पिस्तुलाच्या स्पर्धेत नेमबाज .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग हे १८९६चं काडतूस वापरतात; कानपूरच्या सरकारी रिव्हॉल्व्हरचंही तेच. स्पर्धेच्या काडतुसात सपाट तोंडाची गोळी पुंगळीच्या काठापर्यंत पूर्ण आत दाबलेली असते. जी जागा एकेकाळी काळी दारू व्यापायची, तिथे आता शिसं बसतं.