समुद्राचे पाणी, मिठाचे पाणी आणि पॉलिमर इनहिबिटर: पार्श्वभूमी

1824 मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याची झीज रोखण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले गेले. पाण्यातच इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारे रसायन, मिसळण्याची पद्धत रुळली ती विसाव्या शतकात, आणि बराच काळ तिथे क्रोमेटची, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियमच्या क्षारांचीच, चलती होती. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असते. एवढ्या क्लोराइडमध्ये इनहिबिटरचा डोस जरा कमी पडला की बाकीचा पृष्ठभाग स्वच्छ दिसतो आणि मोजक्या जागी खोल खड्डे पडतात. पुढे हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक ठरले आणि 1990 मध्ये अमेरिकेने वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरमध्ये ते बंद केले.

क्रोमेटची जागा फॉस्फेट, फॉस्फोनेट आणि जस्ताच्या क्षारांनी घेतली. कॅल्शियम फॉस्फेटचा थर साचू नये म्हणून त्यांच्या जोडीला लांब साखळीच्या रेणूंचे कार्बोक्झिलेट पॉलिमर, म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलेट आले. म्हणजे हे पॉलिमर मुळात गंजासाठी नव्हतेच! स्केल (क्षारांचा साचणारा थर) रोखणारा आणि गंज रोखणारा, दोघांनाही ‘इनहिबिटर’ म्हटल्याने घोळ आजही चालू आहे. पोलादावर जिथे ऑक्सिजनचे क्षपण होते, म्हणजे तो इलेक्ट्रॉन घेतो, तिथे पाण्याचा पीएच वाढतो, कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बसते आणि ऑक्सिजनची वाट अडते. कार्बोक्झिलेट पॉलिमर नेमका हाच थर बसू देत नाही. शिवाय कॅल्शियमशी जुळून तो स्वतःच चिकट गाळ होऊन खाली बसू शकतो.

म्हणूनच समुद्राच्या पाण्याऐवजी 3.5 टक्के मिठाचे पाणी वापरण्याची प्रयोगशाळांची सवय खटकते. त्यात लिटरमागचे सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम नाही, 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम नाही, बायकार्बोनेटही नाही. हायड्रोक्लोरिक आम्लात चाचणी घेऊन काढलेले आकडे तर याहून दूरचे: आम्लात पोलाद उघडे असते, पॉलिमर थेट धातूला चिकटतो, समुद्रात मधे गंजाचा थर असतो.

1990 च्या दशकात जैवविघटनशील पॉलिअ‍ॅस्पार्टेट पुढे आले. पॉलिअ‍ॅनिलिन आणि कायटोसान या पॉलिमरांवरही बरेच काम झाले. ‘90 टक्के कार्यक्षमता’ हा आकडा मात्र सगळीकडे तोच, आणि तो इनहिबिटरमुळे वजनातली घट किती कमी झाली एवढेच सांगतो. कूपन, म्हणजे चाचणीसाठी वजन करून ठेवलेली पोलादाची पट्टी, पाण्यातून काढल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल, अँटिमनी ट्रायऑक्साइड आणि स्टॅनस क्लोराइडच्या द्रावणात गंज उतरवतात. सोबत न गंजलेले कूपनही बुडवावे लागते, नाहीतर आम्लाने खाल्लेले पोलाद गंजाच्या खात्यात जाते. नंतर सूत्र: 87.6 गुणिले मिलिग्रॅममधील घट, भागिले घनता, क्षेत्रफळ आणि तास यांचा गुणाकार. उत्तर वर्षाला मिलिमीटरमध्ये. पोलादाची घनता घनसेंटिमीटरमागे 7.85 ग्रॅम, क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये. या सरासरीत एकच खोल खड्डा पार लपतो. त्याची खोली सूक्ष्मदर्शकाखाली वेगळीच मोजावी लागते, कारण पाइप गळतो तो त्या खड्ड्यातून.