बाळाच्या कपाळावरची आठी

तान्हं बाळ भूक लागली तरी रडतं, दुपटं ओलं झालं तरी रडतं आणि रक्ततपासणीसाठी टाचेत सुई टोचली तरी रडतंच. मग दुखतंय हे ओळखायचं कशावरून? आधी कपाळाकडे पाहावं. सुई टोचताच भुवया खाली ओढल्या जाऊन मध्ये फुगवटा येतो, डोळे गच्च मिटतात, नाकापासून ओठांच्या कडेला जाणारी घडी खोल होते, तोंड ताणलं जातं, जीभसुद्धा ताठ होते. कॅनडातल्या रूथ ग्रुनाऊ आणि केनेथ क्रेग यांनी चित्रफितींवरून या हालचाली मोजण्याची पद्धत १९८७ मध्ये मांडली.

तान्ह्या बाळाला दुखतं हे तेव्हा सिद्ध करावं लागत होतं, याचंच नवल वाटतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दुखणं फारसं कळत नाही, अशी समजूत डॉक्टरांतही होती. अशा कितीतरी बाळांवर स्नायू शिथिल करणारं औषध आणि नावापुरती भूल देऊन शस्त्रक्रिया व्हायच्या. स्नायूच हलत नाहीत म्हटल्यावर चेहरा काय बोलणार! इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्येच दाखवलं, की फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांमध्ये ताणाची संप्रेरकं कमी वाढतात आणि पुढची गुंतागुंतही कमी होते.

१९९६ मध्ये आलेली, बाळाचं दुखणं गुणांत मोजणारी 'पिप' ही पद्धती मला आवडते ती तिच्यातल्या एका खुबीमुळे. तिच्यात भुवया, डोळे आणि नाकाजवळची घडी यांच्या जोडीला हृदयाचे ठोके व रक्तातला ऑक्सिजन पाहतात. पण बाळ गर्भातले २८ आठवडेही पूर्ण न होता जन्मलेलं असेल, तर त्याला सुरुवातीलाच तीन गुण मिळतात. ३६ आठवडे पूर्ण करून आलेल्याला शून्य. इवल्या बाळाचा चेहरा कमी बोलतो म्हणून दिलेली ही भर. गाढ झोपलेल्यालाही तसेच जादा गुण.

तरी चेहऱ्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. टोचण्याआधी जिभेवर साखरपाणी दिलं की आठी कमी पडते. २०१० मध्ये रिबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा साखर मिळालेल्यांचे चेहरे शांत होते. टोचल्याची लहर मात्र साधं पाणी मिळालेल्यांइतकीच होती. साखर दुखणं घालवते की नुसता चेहरा निववते, यावर वाद झाला तो यातूनच.

मूल चार-पाच वर्षांचं झालं की त्यालाच विचारता येतं. त्यासाठी वापरतात त्या वाँग-बेकर तक्त्यातल्या सहा चेहऱ्यांपैकी पहिला हसरा आणि शेवटचा आसवं ढाळणारा. इथेच घोळ होतो: दुखत नसलं तरी आईसाठी हिरमुसलेलं मूल हसऱ्या चेहऱ्यावर बोट का ठेवेल? आणि दात-ओठ खाऊन सोसणारं मूल रडक्या चेहऱ्याला आपला का म्हणेल? २००१ च्या 'फेसेस पेन स्केल - रिवाइज्ड' या दुसऱ्या तक्त्यात मात्र हसू नाही, आसवंही नाहीत. तो दाखवताना 'आनंदी', 'दुःखी' हे शब्द वापरायचे नाहीत, अशी सूचना आहे. मुलाने बोट ठेवायचं ते आत किती दुखतंय त्यावर, स्वतःचा चेहरा आत्ता कसा दिसतोय त्यावर नाही.